मग हे चर कोणी खांदले?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना आम्ही चौघांनी एक हॅकॅथॉन जिंकली. विषय होता 'ग्रामीण भारतासाठी सामाजिक नवकल्पना'. छत्तीस तास, एसी हॉल, अनलिमिटेड मॅगी, स्टेजवर गांधीजींचा फोटो आणि त्याच्या दुप्पट मोठा स्पॉन्सरचा बॅनर. आमच्यापैकी एकानेही तोवर रोजंदारीवर एक दिवस काम केलेलं नव्हतं. तरी आम्ही मजुरांच्या हजेरीचं ॲप बनवलं. मुकादम खोटी हजेरी लावतात हे आम्हाला पेपरात वाचून माहीत होतं, आणि फोटो अधिक जीपीएस म्हणजे सत्य, यावर आमचा गाढ विश्वास होता.

बक्षीस पन्नास हजारांचं होतं. चौघांत वाटून घेतलं. त्या बक्षिसाची पोस्ट माझ्या लिंक्डइनवर अजूनही आहे.

पुढे काय झालं ते त्या पोस्टमध्ये नाही. एका संस्थेने आमचं ॲप पायलटसाठी घेतलं. बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगरातलं एक गाव. कंपन्यांच्या सीएसआरच्या पैशातून तिथे पाणलोटाचं काम चाललं होतं. डोंगरउतारावर सलग समतल चर खणायचे, म्हणजे पावसाचं पाणी अडून जमिनीत मुरतं. एकतीस मजूर, त्यात बहुतेक बायका. रोज दोनशे रुपये. सकाळी नऊला एक फोटो, दुपारी दोनला दुसरा. दोन्ही फोटो कामाच्या जागेपासून शंभर मीटरच्या आत काढलेले असले तर 'प्रेझेंट', नाहीतर 'ॲब्सेंट'.

आता यातली गंमत बघा. समतल चराचं काम एका जागी थांबत नाही. ते डोंगराच्या कडेकडेने पुढे सरकतं. तिसऱ्या दिवशी मजूर आमच्या वर्तुळाच्या बाहेर गेले. वर्तुळ जिथल्या तिथे राहिलं, कारण ते मी कोडमध्ये एकदा घातलं होतं आणि ते बदलण्याचं बटण मुकादमाला दिलंच नव्हतं. देणार कसं? मुकादम चोर असतो, हे आमचं पहिलंच गृहीतक.

दुसरी चूक याहून शरमेची. गावात रेंज फक्त मारुतीच्या देवळाच्या पारावर यायची. मुकादम संध्याकाळी खाली उतरून पारावर उभा राहायचा आणि फोटो सिंक करायचा. मी फोटोची वेळ फोनमधून न घेता सर्व्हरवरून घेत होतो. 'फोनची वेळ बदलता येते ना,' असं मीच टीमला सांगितलं होतं. त्यामुळे दोनचे फोटो साडेचारचे झाले. साडेचार म्हणजे उशीर. उशीर म्हणजे अर्धा दिवस.

तीन दिवसांत चौदा जणांचे अर्धे अर्धे दिवस कापले गेले. एकूण चार हजार दोनशे रुपये. आम्हाला हे कळलं बारा दिवसांनी, तेही एका दुसऱ्याच कामाच्या मेलमधल्या शेवटच्या ओळीतून. तोवर देणगीदार कंपनीला अहवाल गेला होता, त्यात ॲपमुळे 'मजुरीच्या खर्चात बचत' झाल्याचं एक देखणं ग्राफिक होतं. अहवाल बंद झाला की पैसे परत काढता येत नाहीत, असं संस्थेच्या कोऑर्डिनेटरने सांगितलं. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्याकडेही तसं बटण नव्हतं.

मी गावात गेलो. माफी मागायला नाही, खरं सांगायचं तर डीबग करायला. लॅपटॉप उघडून पारावर बसलो होतो. एक काकू आल्या, स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, "आमी कामावर नव्हतो म्हनतंय का ह्ये?" मी जीपीएसबद्दल काहीतरी बोललो. त्यांनी डोंगराकडे हात केला. "मग ते चर कोनी खांदले रं लेकरा? रातच्याला आपोआप झाले का?"

डोंगरावर चर दिसत होते. ताजी माती, सरळ रेघा, पारावरून मोजता आल्या असत्या. पुरावा तिथे जमिनीत होता, टेपने मोजता येण्यासारखा. आणि आम्ही तो सोडून बाईच्या चेहऱ्यात शोधत होतो.

हे सगळं सांगतोय ते पापक्षालन म्हणून नाही. तेवढ्याने चार हजार दोनशे फिटत नाहीत. सांगतोय यासाठी, की आमच्या फसलेल्या पायलटनंतर दोन-तीन वर्षांत जवळजवळ तसंच ॲप अख्ख्या देशाला लागू झालं. आमच्याकडून कोणी चोरलं वगैरे नाही. माझ्यासारखी डोकी सगळीकडे असतात, इतकंच.

मनरेगासाठीचं हे ॲप म्हणजे एनएमएमएस. मे २०२१ मध्ये ते प्रायोगिक म्हणून आलं, २०२२ मध्ये वीस किंवा जास्त मजुरांच्या कामांवर सक्तीचं झालं आणि १ जानेवारी २०२३ पासून जवळपास सगळ्या सार्वजनिक कामांवर. दिवसातून दोनदा फोटो, जागेच्या आणि वेळेच्या शिक्क्यासह. मनरेगाची मजुरी बहुतेक ठिकाणी कामाच्या मापावर ठरते. म्हणजे ठरलेलं खोदकाम उन्हाच्या आधी उरकलं की बाई घरी जाऊन भाकऱ्या थापू शकत होती, शेळ्या सोडू शकत होती. ॲप आल्यावर काम संपलं तरी दुसऱ्या फोटोसाठी बसून राहणं आलं. रेंज नसेल, फोन हँग झाला असेल, तर दोन्ही वेळ घाम गाळूनही हजेरी गेली. २०२३ च्या सुरुवातीला देशभरातले मजूर याविरुद्ध दिल्लीत जंतरमंतरवर आळीपाळीने येऊन कित्येक दिवस बसले होते. आपल्या फीडवर ते किती दिवस दिसलं, आठवून बघा.

आता तुम्ही म्हणाल, आणि माझे ऑफिसातले मित्र म्हणतातच, की बोगस मजूर होते ना? होते. मेलेल्या माणसांच्या नावाने हजेरी लागायची, रात्री जेसीबी चालवून सकाळी मस्टर भरलं जायचं. हे मला माहीत आहे, मी त्याच जिल्ह्यातला आहे. प्रश्न एवढाच आहे की ॲपने ते थांबलं का?

याचं उत्तर सरकारनेच दिलं. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने राज्यांना एक परिपत्रक पाठवलं. या ॲपवर कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात, जिवंत माणसांऐवजी फोटोचाच फोटो काढून चढवला जातो, तेच मजूर एकापेक्षा जास्त मस्टरवर दिसतात, सकाळच्या फोटोतली माणसं आणि दुपारच्या फोटोतली माणसं जुळत नाहीत, अशी यादीच त्यात होती. उपाय काय? ग्रामपंचायत पातळीवर माणसांनी शंभर टक्के फोटो तपासायचे. म्हणजे माणसांवर विश्वास नाही म्हणून ॲप आणलं, आणि आता ॲपवर विश्वास नाही म्हणून माणसं बसवली.

ज्याला लुबाडायचं होतं तो आठवड्याभरात शिकला. फोटोचा फोटो काढायला काय लागतं? अडकली ती बाई, जिला लबाडी करायची नव्हती, आणि करायची असती तरी जिच्याकडे स्मार्टफोन नव्हता. पडताळणीचा प्रत्येक नवा टप्पा असाच वागतो. पोहोच असलेला माणूस त्याला वळसा घालतो, उरलेले त्याच्यासमोर रांग लावतात.

आमच्या धंद्यात याला एक साधं मोजमाप आहे. मी ज्या कंपनीत काम करतो तिथे पेमेंटचा एक भाग माझ्या टीमकडे आहे. अयशस्वी व्यवहारांचं प्रमाण एका टक्क्याने वर गेलं की रात्री अडीचला माझा फोन वाजतो. उठावं लागतं. ज्याचे पैसे अडकले त्याचे आपोआप परत जातात, वर 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'चं कुपन. ग्राहक खोटं बोलतोय का हे कोणी विचारत नाही, कारण तो आपल्याला सोडून दुसऱ्या ॲपवर जाईल ही भीती असते.

आता हे ऐका. मार्च २०१८ मध्ये आधारवरच्या सुनावणीत यूआयडीएआयच्या प्रमुखांनी सर्वोच्च न्यायालयापुढे सादरीकरण केलं. त्यात सरकारी सेवांसाठीच्या आधार पडताळणीचा यशाचा दर ८८ टक्के होता. म्हणजे शंभरात बारा वेळा नकार. बारा! माझ्या ऑफिसात बारा टक्के म्हणजे सगळं काम थांबवून वॉर रूम. रेशनच्या दुकानात बारा टक्के म्हणजे, "मावशी, अंगठा लागत नाही, उद्या या." उद्या म्हणजे अजून एक बुडालेला रोज. आणि अंगठा कोणाचा लागत नाही? ज्याने आयुष्यभर माती उपसली, ऊस तोडला, भांडी घासली, त्याचा. हातावरच्या रेषा झिजेपर्यंत काम केलं, म्हणून तुम्ही तुम्हीच आहात यावर मशीनचा विश्वास नाही.

२०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी वारली. तिच्या घरचं रेशनकार्ड आधारशी जोडलेलं नाही म्हणून रद्द झालं होतं. प्रशासन म्हणालं मलेरिया, आई म्हणाली भूक. मी त्या वादात निवाडा देणार नाही. पण ते कार्ड ज्या यादीतून उडालं त्या यादीत ते घर म्हणजे एक 'डिलीट' केलेली ओळ होती, आणि अशा ओळी तेव्हा भाषणांत बोगस कार्डं पकडल्याचा पराक्रम म्हणून मोजल्या जात होत्या. माझ्या अहवालातल्या 'बचती'सारखंच.

इतक्या लांबही जायला नको. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी गेल्या वर्षी सुरू झाली तेव्हा फॉर्ममध्ये नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार लागत होता. ज्यांचे दोघेही वारले त्यांनी काय करायचं? ओरड झाल्यावर मग वेगळी सोय केली. ज्या राज्यात शेतकरी आत्महत्यांनी विधवा झालेल्या बायका गावोगावी आहेत, तिथे ज्या कोणी ते 'रिक्वायर्ड फील्ड' टाकलं, त्याच्या डोळ्यांसमोर कोणती बाई होती? मी त्याला दोष देत नाही. माझ्याही डोळ्यांसमोर कोणतीच बाई नव्हती. फील्ड होतं.

सामाजिक नवकल्पना हा शब्द मला मोडीत काढायचा नाही. उलट मला तो परत हवाय, कारण तो आपल्याकडचाच आहे आणि आपण तो विसरलोय.

तुम्ही महाराष्ट्रात पगारदार असाल तर तुमची सॅलरी स्लिप उघडा. प्रोफेशन टॅक्स अशी एक ओळ दिसेल. बहुतेकांचे महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. मी पहिल्या पगारापासून त्या ओळीवर चिडायचो. ती कुठून आली हे मला बऱ्याच उशिरा कळलं. १९७५ साली हा व्यवसाय कर लागला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. शहरात पगार घेणाऱ्याने दुष्काळात खडी फोडणाऱ्याच्या कामाचा खर्च थोडा उचलायचा. या योजनेमागची मूळ कल्पना वि. स. पागे यांची, सांगलीच्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, विधान परिषदेचे सभापती. १९७२ च्या दुष्काळात तिने लाखो माणसं तगवली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे २००५ मध्ये देशाने जो मनरेगा केला त्याचं मूळ इथलं.

इंजिनिअर म्हणून मला त्या कायद्यातलं एकच कलम दाखवायचंय. काम मागितल्यावर १५ दिवसांत दिलं नाही, तर बेकारी भत्ता सरकारने द्यायचा. सिस्टिम फेल झाली तर भुर्दंड सिस्टिमला. आमच्या भाषेत, डिफॉल्ट मजुराच्या बाजूने. तो भत्ता प्रत्यक्षात किती जणांच्या हातात पडला हा वेगळा, कडू विषय आहे. पण कागदावर तरी चूक कोणाच्या खात्यात जाईल हे स्पष्ट होतं. चाळीसेक वर्षांनी आम्ही मुलं एसी हॉलमध्ये बसलो आणि तेच कलम उलटं फिरवलं. सिस्टिम फेल झाली तर मजूर ॲब्सेंट.

मस्टर तपासायची दुसरीही एक पद्धत आहे. २ डिसेंबर १९९४ ला राजस्थानात कोट किराना इथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. केलं काय, तर सरकारी कामाचं मस्टर आणि बिलं मिळवली आणि गावासमोर मोठ्याने वाचली. अमक्याने इतके दिवस काम केलं. गर्दीतून आवाज, तो तर गावातच नव्हता. अमकी इमारत पूर्ण. कुठाय ती? ना कॅमेरा, ना जीपीएस. जिवंत कोण, मेलेलं कोण, कोण ऊसतोडीला गेलंय, कोण माहेरी गेलीय, एवढा डेटाबेस प्रत्येक गावाच्या डोक्यात आधीच असतो आणि तो रोज अपडेट होतो. या लढ्यातून पुढे माहिती अधिकाराचा कायदा आला. तोच मस्टरचा कागद, फक्त वाचणारा बदलला. आधी साहेब मजुराला तपासायचा, इथे मजूर साहेबाला तपासत होता.

आमच्या ॲपमध्ये मजुराला स्वतःची हजेरी बघायचीही सोय नव्हती. डॅशबोर्ड होता, पण तो देणगीदारासाठी.

म्हणून 'तू टेक्नॉलॉजीच्या विरोधात आहेस का' हा प्रश्न मला वायफळ वाटतो. त्याच राजस्थानात २०१९ मध्ये जनसूचना पोर्टल सुरू झालं. कोणाच्या नावावर किती रेशन उचललं, कोणत्या कामावर किती खर्च, हे लॉगिनशिवाय कोणालाही बघता येतं. तेही सॉफ्टवेअरच आहे. कॅमेऱ्याचं तोंड कुठे आहे, एवढं बघायचं. आणि माणसांवर विश्वास टाकून काय होतं तेही आपल्याच राज्यात दिसलंय. जामखेडमध्ये १९७० पासून आरोळे दांपत्याने निरक्षर, त्यातही दलित बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गडचिरोलीत बंग दांपत्याने गावातल्या बायकांना नवजात बाळांवर घरी उपचार करायला शिकवलं आणि बालमृत्यू घटल्याचे आकडे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. त्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा परवाना हातात घेतला. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं हे गाव आमच्या हॅकॅथॉनमध्ये आलं असतं तर पहिल्या फेरीत बाद झालं असतं. स्केल काय, विचारलं असतं. रेव्हेन्यू मॉडेल काय?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १०० वरून १२५ केलेत, ही बातमी सगळ्यांनी वाचली. बायोमेट्रिक पडताळणी आणि गैरव्यवहार पकडायला कृत्रिम बुद्धिमत्ता हे शब्दही कायद्यातच आहेत, हे कमी जणांनी वाचलं. आता हे मॉडेल 'संशयित' म्हणून कोणाच्या नावावर खूण करेल, आणि ती खूण पुसायला त्या बाईने कोणत्या ऑफिसात, किती वेळा, स्वतःचं भाडं खर्चून जायचं? हे काम करायला माझ्याच वयाची, माझ्याच कॉलेजांतली मुलं बसतील. कदाचित तुमच्यापैकीच कोणी हा लेख बसमध्ये वाचत त्या ऑफिसला निघालं असेल. त्या मुलांकडे मागण्यासारखं मोठं काही नाही. सिंक झालं नाही, अंगठा लागला नाही, मॉडेलला शंका आली, तर आधी मजुरी द्या, मग तपासा. मजुराच्या हजेरीची यादी रोज संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. मुकादमाला आणि मजुराला दोघांनाही 'हे चूक आहे' म्हणायचं बटण द्या, आणि ते दाबल्यावर कोणाचा तरी फोन वाजू द्या. पगारी माणसाचा.

कारण आज तो भलत्याचाच वाजतो. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते. दोन जीबी रॅमचे फोन तापायचे, बंद पडायचे, आणि पोषण ट्रॅकरचं ॲप इंग्रजीत. बायका ते फोन पिशव्यांत भरून ऑफिसांत आपटून आल्या. मी पाहिलेला हा सगळ्यात नेमका बग रिपोर्ट आहे. टीव्हीवर मात्र त्या बातमीला 'सेविका आक्रमक' म्हणत होते.

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या कॉलेजने मला हॅकॅथॉनला परीक्षक म्हणून बोलावलं. विषयाची पाटी तीच, 'नवकल्पना'च्या पुढे एआय जोडलं होतं फक्त. गावासाठीच्या पाच टीम माझ्याकडे होत्या. पाचही जणांना मी एकच विचारलं, तुमचं हे चुकलं तर फोन कोणाचा वाजेल? चार टीमनी सपोर्टचा ईमेल आयडी सांगितला. पाचव्या टीममधली एक मुलगी जरा थांबली आणि म्हणाली, "सर, माझ्या मामीचा वाजेल. ती अंगणवाडी सेविका आहे. आत्ताही तिचाच वाजतो."

त्यांचा डेमो चाललाच नाही, लॉगिनलाच अडकला. मी त्यांना दहापैकी नऊ दिले. बाकीच्या दोन परीक्षकांनी तीन-तीन दिले, आणि ती टीम शेवटची आली.